बिननावाच्या पेटीची माय

वसमतच्या बसस्टँडसमोर माझं कॅसेटचं दुकान होतं आणि त्याला लागून परमेश्वरचं टीव्ही दुरुस्तीचं. मध्ये एक पत्रा. मी भजनाच्या कॅसेटी भरत बसलो की त्याला ते ऐकावं लागायचं, तो टीव्हीला थापडा मारायला लागला की मला. जवळजवळ वीस वर्षं आम्ही असे एकमेकांच्या कानाशी राहिलो. त्यातला बराच काळ मी त्याच्यावर चिडलेला होतो हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे मी त्याचं कौतुक केलं तर ते उगाच केलंय असं कुणाला वाटणार नाही.

चिडायला कारणं होती. माझ्याकडे एक जपानी डेक होता, लेकरासारखा जपलेला. हा गडी दर दुसऱ्या दिवशी पत्र्याआडून डोकं काढायचा, "शिवहारभाऊ, पाच मिन्टं डेक द्या की." नाही म्हणावं तर शेजारधर्म आडवा यायचा. मग त्या डेकमधून जो आवाज निघायचा तो मी सांगू शकत नाही. मांजराची शेपटी दारात सापडावी आणि दार कुणी उघडूच नये, तसा. तो म्हणे कंप्युटरचा प्रोग्राम. त्या काळातले स्वस्त घरगुती कंप्युटर टीव्हीला जोडायचे आणि त्यांच्यातलं लिखाण साध्या गाण्याच्या कॅसेटवर भरून ठेवायचं, अशी पद्धत होती. हे आजच्या पोरांना सांगितलं तर ती माझ्याकडे दयेनं बघतात.

परमेश्वर शिरड शहापूरकडचा, मेंढपाळाच्या घरातला. बाप लवकर गेला. आई सुभद्राबाई मेंढरं राखायची, घोंगड्या विकायची. हा पोरवयात हैदराबादला गेला तो तिथं एका टीव्हीवाल्या उस्तादाच्या हाताखाली राहिला. उस्तादाकडे भंगारातून जुने कंप्युटर यायचे. ते जोडता-तोडता हा शिकला आणि नव्वदीच्या आगेमागे वसमतला परत आला तो डाग देण्याची एक सोल्डरिंगची सळई, इंग्रजी पुस्तकांचा एक गठ्ठा आणि घोंगडीच्या तुकड्यात बांधलेली एक वस्तू घेऊन. ती वस्तू म्हणजे त्यानं स्वतःच्या हातानं, उस्तादासमोर बसून, एकेक तुकडा जोडून केलेला कंप्युटर. म्हणजे नुसतं आतलं हिरवं पान, तुकडे जोडलेली सर्किटची पाटी, वर पेटी नाही. फळीवर ठेवलेलं असायचं. विकत मागणारे आले, पण त्यानं कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही.

आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यातच होता, हिंगोली जिल्हा नंतर झाला. आणि त्या वर्षांत आमच्याकडे एक साथ आली होती म्हणा ना. कुणी निजामाबादहून, कुणी हैदराबादहून, कुणी आखातातून आलेल्या पाहुण्याकडून 'कंप्युटर' आणत होतं. बटणांची चपटी पेटी, टीव्हीला जोडायची वायर, आणि वर नाव काही नाही. असलं तर असं, की जे जगात कुणी ऐकलेलं नाही. नकलेची नक्कल, तिचीही नक्कल. मी नावं ठेवत नाही. माझ्या दुकानात तरी काय होतं? अस्सल कॅसेट एक आणि तिच्यावरून भरलेल्या ढीगभर.

लोक पेटी आणून ठेवत आणि विचारत, "हे कोनत्या कंपनीचं हाय?"

परमेश्वर म्हणायचा, "नाव नगा इचारू. नाव कुनी बी चिटकवतंय. ह्याची माय कोन ते बघू."

मग त्याचं ठरलेलं होतं. आधी पेटी हातावर तोलायची. मग उलटी करायची, वास घ्यायचा. वासावरून नवं प्लॅस्टिक की जुनं ते त्याला कळायचं. मागची भोकं बघायची. कॅसेटची दोन भोकं असली तर त्याचा चेहरा खुलायचा, खेळाची कॅसेट खुपसायची रुंद खाच असली तर पडायचा. मग झाकण काढायचं. आत एकच काळ्या डिंकाचा थेंब वाळून बसलेला असला तर ते निव्वळ टीव्ही गेम. कंप्युटरसारखी बटणं वरून नुसती शोभेला. त्यांच्या खोक्यावर नऊ लाख नव्व्याण्णव हजार खेळ लिहिलेले असत आणि प्रत्यक्षात तेच ते पाच-सहा पुन्हा पुन्हा. पण आत खऱ्या तुकड्यांच्या रांगा असल्या, की परमेश्वर नाक लावून बसायचा. खऱ्या विलायती पेटीत एक मोठा तुकडा असतो, तो त्या कारखान्याबाहेर मिळत नाही. नक्कल करणारा तो आणणार कुठून? मग तो त्याच्या जागी चिल्लर तुकडे ओळीनं बसवतो. हे त्यानं मला इतक्या वेळा दाखवलं, की शेवटी मलाही ओळखू यायला लागलं.

एकदा एक निवृत्त फौजी पेटी घेऊन आला. बटणांवर रशियन अक्षरं, बाकी काही नाही. परमेश्वरनं ती टीव्हीला लावली, इंग्रजी पुस्तकात 'जे'चं बटण जिथं असतं तिथलं बटण दाबलं, आणि पडद्यावर 'लोड' हा अख्खा शब्द उमटला. ब्याऐंशी साली विलायतेत स्पेक्ट्रम नावाचा कंप्युटर निघाला होता. एकेका बटणात अख्खा शब्द, ही त्याची खोड. फौजी बघतच राहिला.

"माय घावली," परमेश्वर मला म्हणाला. "नाव खरडून काडता येतं भाऊ. सवय न्हाई काडता येत."

ही विद्या हैदराबादची नव्हती, आईची होती. उन्हाळ्यात तळ्यावर दोन कळप पाणी प्यायला आले की एकमेकांत मिसळतात. आपल्या डोळ्यांना सगळी मेंढरं सारखी. सुभद्राबाई काठावर उभी राहून तोंडं बघायची आणि हाकेवर आपली वेगळी काढायची. कानाला खुणेची कातर नसली तरी 'ह्याची माय ती' म्हणून दाखवायची. आणि तिथं एक रिवाज होता. ज्यानं 'हे माझं' म्हटलं त्याचंच ते. पुन्हा विचारायचं नाही. कारण मेंढरावर खोटं कुणी बोलतच नाही. परमेश्वर तोच रिवाज दुकानात पाळायचा. पेटी जी असेल ती तोंडावर सांगायची. एका सराफानं जावयाला कंप्युटर म्हणून दिलेली पेटी यानं जावयासमोरच "खेळणं हाय" म्हणून सांगितली होती. सराफाच्या घरचा टीव्ही त्यानंतर आमच्या गल्लीत आला नाही. पण त्यामुळेच लोक लांबून लांबून यायचे. परमेश्वर म्हणाला म्हणजे झालं, असं होतं.

अशा माणसाकडे एका जूनमध्ये हट्टा गावचे संपतराव आले.

संपतराव म्हणजे हळदीचे मोठे शेतकरी. धोतर कडक, मिशी त्याहून कडक. कुणाकडे फुकट पाणी प्यायचे नाहीत. हळद घेऊन निजामाबादला गेले होते, येताना एक पेटी घेऊन आले होते. मागे त्यांची मुलगी मोहिनी, दोन वेण्या, हातात वायरीचं भेंडोळं. नुकतीच दहावी झालेली.

"हे बघ परमेश्वर," संपतराव बाकावर बसत म्हणाले, "ही म्हनती नांदेडला जाऊन कंप्युटर शिकायचं. घरात समदे म्हनतात पूर्णेकडचं स्थळ आलंय, उरकून टाका. मी म्हनलो, थांबा. मी पेटी आनली. एक साल हिनं घरी शिकावं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही करून दाखवलं तर नांदेड. न्हाई तर पूर्णा. मी एकदा बोललो की बोललो."

मोहिनीनं शाळेच्या प्रदर्शनात कंप्युटर पाहिला होता. ती हळूच म्हणाली, "काका, ह्याच्यावर पुस्तक न्हाई. कोनतं पुस्तक चालंल तेवढं सांगा. मी शिकते बराबर."

परमेश्वरनं पेटी उचलली. हातावर तोलली, उलटी केली. मी पत्र्याच्या कडेला उभा होतो. त्याचा चेहरा बघूनच मला समजलं.

"आठ दिस ठिवा," तो म्हणाला. हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

ते गेल्यावर त्यानं झाकण काढलं. आत पेटी पोकळ. एका कोपऱ्यात तळहाताएवढं पान, त्यावर काळा थेंब. आणि वजन वाटावं म्हणून तळाला लोखंडाची पट्टी चिकटवलेली. मला इतका संताप आला, की मी तो निजामाबादचा दुकानदार समोर नसतानाही त्याला शिव्या घातल्या.

"सांगून टाक," मी म्हणालो. "तुझा रिवाज आहे ना?"

"सांगतो. मंग?"

"मग काय मग?"

"मंग संपतराव म्हननार, कंप्युटर म्हंजे समदी फशीवगिरी. आन पोरगी जाती पूर्णेला."

"मग तुझं ते फळीवरचं दे तिला. नाहीतरी धूळ खातंय."

"ते घेतील व्हय?" तो म्हणाला. "माज्याकडून? फुकट?"

ते खरं होतं. संपतरावांनी मेंढपाळाच्या पोराकडून फुकट काही घेतलं असतं तर सूर्य पश्चिमेला उगवला असता.

सुभद्राबाई त्या दिवशी बाजारासाठी आली होती. दुकानाच्या पायरीवर बसून भाकरी खात होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कंप्युटर काय ते तिला ठाऊक नव्हतं, पण पोरगी दिसली होती.

"कोकरू मेलं का मेंढी दुसऱ्याला पाजीत न्हाई," ती म्हणाली. "लाथा मारती. मंग आमी काय करतो? मेलेल्याचं कातडं काडतो आन त्या बिनमायच्या कोकराच्या अंगावर बांधतो. मेंढी वास घेती, म्हनती माजंच हाय. पाजती. दूध वाया जात न्हाई आन लेकरू बी जगतं. ह्यात खोटं काय हाय सांग मला."

"मावशी, मेंढीला कळत नाही म्हणून जमतं," मी म्हणालो. "संपतरावांना कळलं तर?"

"मेंढीला बी कळत आसंल," म्हातारी म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

दुसऱ्या दिवशी परमेश्वरनं फळीवरची घोंगडी सोडली.

पुढचे सात-आठ दिवस त्याच्या दुकानात एकही टीव्ही दुरुस्त झाला नाही. वरचं कवच निजामाबादचं, आतलं काळीज ह्याचं, आणि दोघांचं जमेना. बटणांच्या वायरी वेगळ्या. प्रत्येक बटण त्यानं सुटं करून नव्यानं जोडलं. लोखंडाची पट्टी काढून फेकली. सोल्डरिंगचा धूर पत्र्याच्या फटीतून माझ्याकडे येत होता आणि मी खोकत होतो, पण यावेळी भांडलो नाही. उलट डेक आपणहून नेऊन दिला.

संपतराव आले. परमेश्वरनं पेटी टीव्हीला लावली आणि मोहिनीला म्हणाला, "जे दाब." तिनं दाबलं. अख्खा शब्द उमटला. पोरीनं तोंडावर हात धरला.

"तर माय कोन निघाली?" संपतरावांनी विचारलं.

परमेश्वर पेटीकडे बघत म्हणाला, "आत जे हाय ते विलायती घराण्याचं हाय."

एवढंच. शब्द न् शब्द खरा, फळीवरचं ते पान त्या स्पेक्ट्रमचीच नक्कल होतं. पण तो बोलल्यावर त्यानं जी मान खाली घातली ती दिवसभर वर केली नाही. मला त्याची दया आली.

ते वर्ष मला फार आवडलं, हे सरळ सांगतो. आठवड्याच्या बाजाराला संपतराव मोहिनीला घेऊन यायचे. स्वतः अडतीवर जायचे आणि पोरगी परमेश्वरच्या दुकानात बसायची. गठ्ठ्यातलं एक पुस्तक तिला दिलं होतं. इंग्रजी कच्चं, पण खाली बोट धरून वाचायची आणि अडलं की दोघं मिळून अडायची. तिचे प्रोग्राम भरायला कॅसेट लागत म्हणून मी माझ्या न खपलेल्या भजनांच्या कॅसेटी द्यायचो. पलीकडच्या बाजूला ती भरायची. कधी चुकून बाजू उलटी लागायची आणि भर दुपारी बसस्टँडसमोर प्रोग्रामऐवजी हरिपाठ सुरू व्हायचा. तिघंही हसत सुटायचो. ज्या किरकिरीवर मी इतकी वर्षं चिडलो ती मला ओळखीची वाटायला लागली. पोरगी कधी आली नाही तर चुकल्यासारखं व्हायचं.

पुढच्या उन्हाळ्यात, हळद शिजवून, वाळवून झाली तेव्हा हट्ट्यात तिनं करून दाखवलं. मी डेक घेऊन गेलो होतो. संपतरावांच्या ओसरीवर टीव्ही ठेवला होता, अंगणात अर्धं गाव. मोहिनीनं टाइप केलं, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत संपतरावांचं नाव आलं. मग खाली पुन्हा. मग पुन्हा. पडदा भरला तरी थांबेना, वरून सरकत जाई आणि खालून नवं येई. शाळेतल्या पोरांनी वाचून दाखवलं तसा गलका झाला. संपतराव मिशीवरून हात फिरवत बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांची बायको आतून म्हणाली, "आवं, बंद करा आता, दृष्ट लागंल."

"नांदेड," संपतराव सगळ्यांदेखत म्हणाले. परमेश्वर पार मागे उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं तर तो हसत होता.

इथं संपलं असतं तर बरं होतं. पण माणूस खूश झाला की थांबत नाही.

पंधरा-वीस दिवसांनी आमच्या दुकानांसमोर एक जीप थांबली. संपतराव उतरले, मागून त्यांचा भाऊ, साडू आणि भावकीतले आणखी दोघं. शेवटी मोहिनी. प्रत्येकाच्या काखेत एकेक खोकं. संपतराव पुन्हा हळद घेऊन निजामाबादला गेले होते आणि त्याच दुकानदाराकडून त्याच पेट्या सगळ्यांच्या पोरांसाठी घेऊन आले होते.

"ह्यांच्या बी माया सांग," ते मोठ्यानं म्हणाले. "समद्या एकाच मायच्या हायेत, मी बघून आनल्यात."

मी मोहिनीकडे बघितलं. पोरीचा चेहरा पांढराफटक. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की हिला माहीत आहे. जिनं वर्षभर त्या पेटीत डोकं घातलं होतं तिनं झाकण उघडून बघितलं नसेल, असं कसं होईल?

परमेश्वरनं पहिली पेटी उचलली, हातावर तोलली. दुसरी उचलली. तिसऱ्याला हात लावला नाही. एक खोटं बोलला असता तर निभावलं असतं. 'ह्या बिघडल्यात' म्हणाला असता तरी चाललं असतं, मी तर मनात तेच म्हणत होतो, म्हण रे, म्हण. पण इतक्या लोकांची पोरं त्या पोकळ पेट्यांपुढे वर्षभर बसणार होती.

"ही खेळनी हायेत मालक," तो म्हणाला. "कंप्युटर न्हाईत."

"आन माझी?"

"पेटी तुमची. आतलं माजं. मीच घातलं."

मग साडू हसला, आणि तो हसल्यावर बाकीचेही हसले. हसायला नको होतं. संपतरावांनी मोहिनीला विचारलं, "तुला ठाव होतं?"

"व्हय, आबा."

"कवापासून?"

"पयल्या महिन्यापासून. तुमाला वाईट वाटंल म्हनून न्हाई सांगितलं."

मला वाटलं आता ते परमेश्वरवर हात टाकणार. मी पत्र्याच्या अलीकडून पलीकडे गेलोही होतो. पण संपतराव शांत होते आणि तेच जास्त वाईट होतं.

"मी एकटाच येडा," ते म्हणाले. "परमेश्वर, तू समद्यांना तोंडावर सांगतोस. मला काहून न्हाई सांगितलं? मी एवढा हलका वाटलो तुला?"

परमेश्वरनं पेट्या परत खोक्यात घातल्या. संपतराव म्हणाले, "उद्या माझी पेटी आनून देतो. तुझं काडून घे. माझं हाय तसं घालून दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच आणली. परमेश्वरनं स्वतःच्या हातांनी ते हिरवं पान काढलं, काळ्या थेंबाचं आत बसवलं, लोखंडाची पट्टी कुठं सापडेना म्हणून तेवढी राहिली. संपतराव पेटी घेऊन गेले. परमेश्वर दिवसभर बाकावर बसून होता. "माजं चुकलं भाऊ," एवढंच म्हणाला. "पूर्णेला चालली पोरगी." मी त्याची समजूत काढायला बरंच काही बोललो, पण मलाही तेच वाटत होतं.

जुलैत एका सकाळी मी दुकान उघडत होतो. नांदेडची गाडी लागलेली. बघतो तर संपतराव डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन गाडीकडे चाललेले आणि मागे मोहिनी. ट्रंक टपावर चढवली, पोरीला खिडकीत बसवलं, गाडी निघेपर्यंत उभे राहिले. आमच्या दुकानांकडे त्यांनी बघितलं नाही. मोहिनीनं मात्र खिडकीतून हात केला. मी धावत जाऊन परमेश्वरला बाहेर ओढलं तोवर गाडी वळली होती.

नंतर हट्ट्याच्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं. भावकीनं फार धरलं म्हणे, यंत्र खोटं निघालं, आता पूर्णेला होकार कळवा. संपतराव त्यांना म्हणाले, "यंत्र खोटं निघालं. पोरगी न्हाई."

परमेश्वरला हे सांगितलं तेव्हा तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, बराबर असंच म्हणाले का, म्हणून.

पण संपतराव त्याच्याशी बोलले नाहीत ते नाहीच. बाजाराला यायचे, समोरून जायचे, मान सरळ. वर्षं गेली. आमचा हिंगोली जिल्हा झाला. माझ्या कॅसेटींना सीडीनं खाल्लं आणि मी रिचार्जची व्हाउचरं विकायला लागलो. डेक घरी नेऊन कपाटावर ठेवला. परमेश्वरकडे बिननावाच्या पेट्या यायच्या बंद झाल्या. आता सगळेच कंप्युटर नांदेडहून सुटे भाग आणून जोडलेले, नाव कुणालाच नको होतं आणि माय कुणी विचारत नव्हतं. तो रंगीत टीव्ही दुरुस्त करायचा, डिशच्या तबकड्या बसवायचा. सुभद्राबाई गेली. कधी दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी म्हणायचो, "अरे परमेश्वर, तो आवाज तरी काढ एकदा." तो हसायचा. खरं सांगतो, त्या किरकिरीसाठी मी तरसायचो.

मोहिनी शिकली, पुण्याला नोकरीला लागली, हे कानावर येत होतं. मग दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात तिच्या लग्नाची पत्रिका आली. मला वाटलं फक्त मला. परमेश्वरलाही होती. ती देऊन जाणारा माणूस काही बोलला नव्हता.

"जावं का?" तो मला विचारत होता.

"चल," मी म्हणालो. "जेवून येऊ. ते बोलले नाहीत तर आपण पण बोलायचं नाही."

हट्ट्यात मोठा मांडव होता. आम्ही अगदी मागच्या सतरंजीवर बसलो. परमेश्वर धुवट पांढऱ्या शर्टात, आपण दिसू नये असा अंग चोरून. पलीकडे भावकीतले तेच दोघं-तिघं बसलेले. नवरदेव पुण्याकडचा, पाव्हणे शहरी. अक्षता वाटून झाल्या. भटजींनी नेहमीप्रमाणे पुकारलं, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या."

मोहिनीच्या आईला भाऊ नव्हता. अशा वेळी नात्यातला कुणीतरी उभा करतात. साडू उठून उपरणं सारखं करायला लागला होता.

संपतराव बोहल्याजवळून निघाले आणि मांडवाच्या मधून चालत मागे आले. माणसं पाय आखडून वाट देत होती. मला वाटलं कुणाला तरी जेवायचं विचारायला चाललेत. ते येऊन परमेश्वरपुढे थांबले. म्हातारे झाले होते, मिशी पांढरी. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याच्याकडे सरळ बघितलं.

"ऊठ," ते म्हणाले. "पोरगी खोळंबली."

परमेश्वरला काही समजलं नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला खालून ढकललं, अक्षरशः ढकललं. संपतरावांनी त्याच्या डोक्यावर फेटा ठेवला, दंडाला धरलं आणि पुढे नेलं. मेंढपाळाच्या घरचा माणूस त्या घरच्या मुलीच्या पाठीशी उभा राहणार, हे हट्ट्यात कुणी पाहिलेलं नव्हतं.

भटजीही गोंधळले. नवऱ्याकडच्या एका वडीलधाऱ्यांनी सहज, चांगल्या मनानंच, विचारलं, "हे मुलीचे सख्खे मामा का?"

भावकी बघत होती. मोहिनी बघत होती.

"सख्खे," संपतराव म्हणाले.

परमेश्वर मोहिनीच्या मागे जाऊन उभा राहिला. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टका सुरू झाल्या. त्याचे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर होते. मी मागच्या सतरंजीवर बसून रडत होतो आणि मुठीतल्या अक्षता टाकायच्या राहूनच गेल्या.